माझी सात चित्रे आणि त्यांतून शिकलेला धडा



या भित्तिपत्रकाच्या डाव्या बाजूला माझी सात चित्रे ओळीने लावलेली आहेत. जून ते डिसेंबर या सात महिन्यांत चित्रकलेच्या तासाला मी ती काढली. प्रत्येक चित्राखाली क्रमांक आणि महिना घातलेला आहे. गुरुजी म्हणाले, "चित्र नुसते लावू नका. ज्याचे त्याने आपल्या चित्राविषयी लिहावे. काय काढले, कसे काढले आणि काढताना काय समजले, हे तीन प्रश्न घ्या." म्हणून मी हा लेख लिहीत आहे. वाचताना एक डोळा लेखावर आणि एक डोळा चित्रावर ठेवा.

चित्र पहिले : देखावा (जून)

हे चित्र बघून तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही पाहिलेले आहे. खरेच आहे. दोन टोकदार डोंगर, मध्ये उगवता सूर्य, सूर्याला काड्याकाड्यांची किरणे, डोंगरातून येणारी निळी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, नारळाचे झाड आणि आभाळात आडव्या तीनसारखे चार पक्षी. जूनमध्ये गुरुजींनी सांगितले, "मनाने एक देखावा काढा." वर्गात आम्ही १९ जण आहोत. १९ वह्या टेबलावर ठेवल्या तर १७ वह्यांत हाच देखावा निघाला!

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी आम्हांला शाळेच्या ओट्यावर उभे केले आणि विचारले, "नदी कुठं आहे?" आमच्या गावाला नदी नाही, ओढा आहे, आणि तो पावसाळा सोडला तर कोरडा असतो. "नारळ कुठं आहे?" नारळ देवळात फोडायला येतो, गावात झाड नाही. "उतरत्या छपराची झोपडी?" आमच्या गावातली जुनी घरे धाब्याची आहेत. वर सपाट माती, त्यावर मिरच्या वाळत घालतात. नवीन घरांना पत्रा नाहीतर स्लॅब आहे. मग सगळेच हसायला लागले.

हा देखावा छान दिसतो, रंगवायलाही सोपा आहे. पण तो एकाचे बघून दुसरा, असा चालत आलेला आहे. त्यात आपले गाव नाही. हे चित्र पहिले लावले आहे, कारण पुढची सहा चित्रे याच्याशी ताडून बघता येतात.

चित्र दुसरे : आमचा माळ (जून)

हे चित्र गावाबाहेरच्या माळावर बसून काढले. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. इथले डोंगर नीट बघा. त्यांना टोक नाही. माथा परातीसारखा सपाट आणि बाजूला पायऱ्या पायऱ्या. गुरुजींनी त्याचे कारण सांगितले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला. तो पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा दगड झाला. पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर बसून आपले डोंगर झाले. म्हणून ते पायऱ्यांसारखे दिसतात. भूगोलातला धडा चित्र काढताना डोळ्यांना दिसला.

या चित्रात जवळचे आणि लांबचे कसे दाखवायचे तेही शिकलो. माळावरून विजेचे खांब गेलेले आहेत. सगळे खांब सारख्याच उंचीचे आहेत. तरी जवळचा मोठा आणि लांबचा लहान दिसतो. ते मोजायची युक्ती अशी. हात सरळ ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि खांबाचे टोक व बूड पेन्सिलीवर अंगठ्याने मापायचे. जवळचा खांब अख्ख्या पेन्सिलीएवढा आला. पाचवा खांब माझ्या नखाएवढा आला. डोंगरावरची पवनचक्की एवढी उंच असते, पण मापल्यावर ती समोरच्या बाभळीपेक्षा लहान निघाली. रस्ताही बघा, माझ्या पायाजवळ रुंद आहे आणि डोंगराकडे जाता जाता दोरीसारखा झाला आहे.

नियम लक्षात ठेवा : जवळचे मोठे, खाली आणि गडद. लांबचे लहान, वर आणि फिके.

चित्र तिसरे : पाऊस (जुलै)

पावसाच्या रेघा पांढऱ्या कशा काय दिसतात, असे मला तीन जणांनी विचारले. पांढरा रंग वापरलेला नाही. ही मेणाची गंमत आहे.

मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून कोऱ्या कागदावर मेणबत्तीच्या तुकड्याने जोर देऊन तिरप्या रेघा ओढायच्या. तेव्हा काहीच दिसत नाही. मग निळा व थोडा काळा रंग भरपूर पाण्यात कालवून कुंचल्याने सगळ्या कागदावर फिरवायचा. जिथे मेण आहे तिथे रंग बसत नाही आणि पांढरा पाऊस आपोआप उमटतो. लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्तीचे उरलेले तुकडे फेकू नका, ते चित्रकलेला उपयोगी पडतात.

माझ्या पावसाच्या रेघा थोड्याच आहेत. तसे मुद्दाम केले आहे. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ढग तिकडच्या डोंगरावर रिकामे होतात आणि मग आपल्याकडे येतात. आपल्याकडे सुमारे ५०० मिलिमीटर पडला तर चांगले वर्ष म्हणतात. म्हणून या चित्रात पाऊस कमी आणि वर बघणारी माणसे जास्त आहेत. बांधावर डोक्याला पोते घेऊन उभे आहेत ते आमचे आबा.

चित्र चौथे : शेतातले हिरवे (ऑगस्ट)

आपल्या रंगपेटीत हिरव्या रंगाची एकच वडी असते. पण शेतात हिरवे किती आहेत, ते मी ऑगस्टमध्ये मोजले. बाजरीचा हिरवा, घेवड्याचा हिरवा, कडुलिंबाचा हिरवा, बाभळीचा बारीक पाल्याचा हिरवा, बांधावरच्या घायपाताचा राखी हिरवा आणि वाळत चाललेल्या गवताचा हिरवा. सहा झाले.

हे सहा रंग करायचे कसे? त्यासाठी रंगांचा नियम माहीत पाहिजे. तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग. ते दुसरे रंग मिसळून होत नाहीत. त्यांच्यापासून बाकीचे असे होतात :

तांबडा आणि पिवळा मिळून नारिंगी.
पिवळा आणि निळा मिळून हिरवा.
निळा आणि तांबडा मिळून जांभळा.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पिवळा रंग गरीब आहे आणि निळा दांडगा आहे. म्हणून हिरवा करताना बशीत आधी पिवळा घ्यायचा आणि कुंचल्याच्या टोकाने निळा थोडा थोडा घालायचा. उलटे केले तर पिवळ्याची निम्मी वडी संपते तरी हिरवा होत नाही. पिवळा जास्त ठेवला की बाजरीचा कोवळा हिरवा होतो. निळा वाढवला की कडुलिंबाचा होतो. त्यात एक टिपका तांबडा घातला की रंग मरतो आणि वाळलेल्या गवताचा हिरवा तयार होतो. घायपातासाठी पांढरा आणि जास्त निळा लागतो.

हे चित्र बघून आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "बाजरी ओळखू आली की!" मला सर्वांत जास्त आनंद तेव्हा झाला. ते शेतकरी आहेत, त्यांना बाजरी कळते.

चित्र पाचवे : घरच्या रंगांचा मोर (सप्टेंबर)

सप्टेंबरमध्ये निम्म्या वर्गाच्या रंगपेट्या संपल्या. नवी पेटी लगेच कोण घेऊन देणार? गुरुजी म्हणाले, "पेटी नव्हती तेव्हाही माणसं चित्रं काढत होती. घरातून रंग शोधून आणा." मग आम्ही हे रंग आणले :

गेरू : तांबूस रंग. ही मातीच आहे, तिच्यात लोखंडाचा अंश असतो म्हणून ती तांबडी.
हळद : पिवळा रंग.
चुना : पांढरा रंग.
चुलीवरच्या तव्याच्या बुडाची काजळी : काळा रंग.
कपड्याला घालायच्या निळीची भुकटी : निळा रंग.
शेवग्याचा पाला वाटून : हिरवा रंग.

हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लालभडक होते, हे तुम्ही आईला विचारा. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, त्याचे कारणही हेच. वर लिंबू पिळले तर परत पिवळा होतो.

नुसती भुकटी पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर झडून जाते. ती कागदाला धरून राहावी म्हणून डिंक लागतो. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घातला आणि सकाळी ते पाणी गाळून रंगात घातले. कुंचला म्हणून कडुलिंबाची काडी दातांनी चावून तिचे टोक मऊ केले. पाण्याला करवंटी. अशा रीतीने एक पैसा खर्च न करता मोर झाला.

नंतर आम्ही एक प्रयोग केला. प्रत्येक रंगाची एक पट्टी कागदावर ओढली. निम्मी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकली आणि कागद १५ दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवला. पुठ्ठा काढल्यावर असे दिसले : गेरू, चुना व काजळी होती तशीच राहिली. नीळही टिकली. हळद उन्हाने फिकी झाली आणि पाल्याचा हिरवा तपकिरी झाला. म्हणजे मातीचे, दगडाचे व काजळीचे रंग टिकाऊ, आणि पाल्याचे व हळदीचे रंग लवकर उडणारे. म्हणून माझ्या मोराचा पिसारा आता थोडा तपकिरी दिसतो आहे. सप्टेंबरात तो हिरवागार होता.

यावरून गुरुजींनी आम्हांला अजिंठ्याची गोष्ट सांगितली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाघूर नदीच्या काठी डोंगरात अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत. तिथली बरीच चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि काही त्याहूनही जुनी आहेत. ती कशावर काढली आहेत माहीत आहे का? दगडाच्या भिंतीवर माती, शेण, भाताचे तूस आणि झाडांचे तंतू यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा हात दिला आणि मग रंगवले. आमची आज्जी भिंत सारवताना मातीत शेण आणि भुसा घालते, तसेच हे झाले. रंगही गेरू, पिवळी माती, चुना, काजळी असेच होते. निळा रंग मात्र एका मौल्यवान निळ्या दगडाचा होता. तो दगड लांब अफगाणिस्तानातून यायचा. १९८३ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

चित्र सहावे : आमची आज्जी (ऑक्टोबर)

माणसाचे चित्र अवघड असते. गुरुजींनी आधी दोरी घेऊन माणसे मोजायला लावली. हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत दोरी धरायची आणि तेवढी दोरी माणसाच्या उंचीत किती वेळा बसते ते मोजायचे. आण्णांच्या उंचीत साडेसात वेळा बसली. माझ्या उंचीत सहा वेळा. अंगणवाडीतल्या माझ्या भावाच्या उंचीत पाचच वेळा. म्हणजे लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. नुसता लहान आकाराचा माणूस काढला तर तो मूल दिसत नाही, बुटका माणूस दिसतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. तुमच्या शेजारच्याचे डोके मोजा. डोळे बरोबर मध्यावर असतात! डोळ्यांच्या वर जेवढे डोके, तेवढेच खाली हनुवटीपर्यंत. वरच्या भागात केस असल्यामुळे ते आपल्याला कळत नाही.

आज्जी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तेव्हा मी तिला काढले. ती म्हणाली, "माझं कशाला काढतीस? माझ्या तोंडावर निसत्या सुरकुत्या हायत्या." पण सुरकुत्या काढायला मला आवडल्या. त्या कशाही नसतात. डोळ्यांच्या कडेला त्या पंख्यासारख्या पसरतात, कारण आज्जी हसते तेव्हा तिथेच घडी पडते. कपाळावर त्या आडव्या असतात. बोटांच्या सांध्यांवर गोल असतात. हात काढायला सर्वांत जास्त वेळ लागला.

माणूस काढायची एकच पद्धत नाही, हेही सांगते. पालघर जिल्ह्यातले वारली लोक दोन त्रिकोणांची टोके जुळवून माणसाचे अंग काढतात. वर डोक्याचा गोल आणि हातापायांच्या रेघा. तोंडावर नाक-डोळे नसतात, तरी हा नाचतो आहे, हा पेरतो आहे, ही दळते आहे, हे लगेच कळते. गेरू आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रे काढत. पूर्वी ती मुख्यतः बायका लग्नात काढत. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली आणि जगात नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. घरच्या भिंतीवरची कला एवढी मोठी असते.

औंधच्या संग्रहालयात पाहिलेले

सातव्या चित्राआधी औंधच्या सहलीविषयी सांगायला पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची सहल औंधला गेली. औंध आपल्याच खटाव तालुक्यात आहे. यमाईच्या डोंगराला जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उघडले. राजे स्वतः चित्रे काढत. त्यांनी रामायणातल्या गोष्टींची चित्रे काढलेली आहेत. राज्यकारभार करून चित्र काढायला वेळ काढणारा राजा आपल्या तालुक्यात होऊन गेला, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिथे राजा रविवर्मा यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली चित्रे आहेत. रविवर्मा १८४८ साली केरळात जन्मले. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवांची चित्रे छापली. त्यामुळे राजवाड्यातले चित्र गरिबाच्या घरात गेले. कमळात उभी असलेली लक्ष्मी पुष्कळांच्या घरी असते. तशी लक्ष्मी त्यांच्या छापखान्यातूनच घरोघर गेली.

गुरुजींनी आम्हांला एकच काम दिले होते. "चित्रातला पांढरा रंग शोधा." आम्ही शोधू लागलो. पांढऱ्या कपड्याजवळ गेलो तर तो सगळा पांढरा नव्हताच! घडीच्या आत राखी, कुठे निळसर, कुठे पिवळसर, आणि उजेड पडतो तिथेच थोडासा शुभ्र. पांढरी वस्तू पांढरी दिसायला तिच्याशेजारी सावली लागते. हे मी वहीत लिहून आणले. पुढच्या चित्राला त्याचाच उपयोग झाला.

चित्र सातवे : हरण्या आणि सोन्या (डिसेंबर)

ही आमची बैलजोडी. जातीची खिल्लार. खिल्लार ही आपल्या माणदेशाकडची जात आहे. अंगाने सडपातळ, रंग पांढरा, चालायला चपळ.

दिवाळीनंतर आण्णांनी ठरवले की पुसेगावच्या यात्रेत जोडी विकायची. कडबा महागला होता आणि ट्रॅक्टर एका दिवसात नांगरून देतो. आबा काही बोलले नाहीत. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. दोन बैलांना वर्षभर पोसायचे म्हणजे किती वैरण लागते, हे इथे बसलेल्या सगळ्या पालकांना माहीत आहे.

यात्रेला आठ दिवस होते. मी रोज शाळेतून आल्यावर गोठ्यात बसून चित्र काढले. एका दिवशी एकच भाग घेतला.

पहिल्या दिवशी शिंगे. पुस्तकातल्या बैलाची शिंगे चंद्रकोरीसारखी असतात. खिल्लाराची तशी नसतात. ती कपाळावर जवळजवळ उगवतात, लांब मागे जातात आणि मग धनुष्यासारखी वर वळतात. बेंदराला लावलेल्या हिंगुळाचा लाल रंग अजून बुडाशी थोडा राहिला होता, तोही काढला.

दुसऱ्या दिवशी तोंड आणि वेसण. तिसऱ्या दिवशी कान. हरण्याच्या डाव्या कानाला खाप आहे. ती लहानपणी तारेला अडकून पडलेली, असे आबांनी सांगितले. चौथ्या दिवशी वशिंड आणि गळ्याखालची पोळी. पाचव्या व सहाव्या दिवशी पाय. पाय नीट बघा. पुढच्या पायाचा गुडघा पुढे असतो आणि मागच्या पायाच्या सांध्याचे टोक मागे असते. चारही पाय सारखे काढले तर बैल टेबलासारखा दिसतो. सातव्या दिवशी शेपटी आणि गोठ्याची दावण.

आठव्या दिवशी रंग. पांढरा बैल पांढऱ्या कागदावर कसा रंगवायचा? औंधला पाहिलेले आठवले. बैलाचा उजेडातला भाग कागद तसाच कोरा सोडला. पोटाखाली, मानेखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला पातळ निळसर राखी रंग दिला. मागची भिंत गेरूची गडद केली. मग जोडी उजळून दिसू लागली.

आण्णांनी यात्रेत गिऱ्हाइकाला दाखवायला फोनवर जोडीचा फोटो काढला होता. फोटो एका मिनिटात निघाला आणि चांगला निघाला. माझ्या चित्राला आठ दिवस लागले. पण त्या आठ दिवसांत मला हरण्या जेवढा कळला तेवढा तो दहा वर्षांत कळला नव्हता. तो रवंथ करताना जबडा आडवा हलवतो. माशी बसली की सगळे अंग न हलवता तेवढ्याच जागेची कातडी थरथरवतो. सोन्या नेहमी डाव्या अंगावर बसतो. हे सगळे मी बघितले, म्हणून ते माझ्याजवळ राहिले.

जोडी गेल्यावर चित्र आबांना दाखवले. त्यांची नजर आता कमी आहे. त्यांनी कागद दारातल्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि एका बैलावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो हरण्या. कानाची खाप बी काढलीस की गं, पोरी." दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो सोन्या." नावे मी चित्रावर लिहिलेली नव्हती.

हे चित्र भित्तिपत्रकावर फक्त महिनाभर राहील. मग ते आबांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावायचे आहे. म्हणून कृपया त्याला हात लावू नका.

या सात चित्रांतून काय समजले

१. चित्र हाताने काढतात हे खरे, पण आधी डोळ्यांनी काढावे लागते. जे नीट पाहिले तेच कागदावर येते.
२. आपल्या गावातल्या वस्तू चित्रात काढण्यासारख्या असतात. नारळ आणि नदीच पाहिजे असे नाही.
३. रंगपेटी संपली म्हणून चित्र थांबत नाही.
४. एखादी गोष्ट आपल्याजवळून जाणार असेल तर ती आधी नीट बघून घ्यावी.

पालकांना विनंती

चित्रकलेचा तास म्हणजे नुसता खेळ, असे पुष्कळांना वाटते. आमच्या आईलाही वाटायचे. पण या तासात भूगोल आला, मोजमाप आले, रंगांचा प्रयोग आला. तरी आपल्या मुलामुलींची चित्रे रद्दीत घालू नका. मागे तारीख लिहून ठेवा. त्यांचे चित्र तुम्ही काढून देऊ नका. "हे काय काढलंयस?" असे विचारण्यापेक्षा "हे तू कुठं पाहिलंस?" असे विचारा. मग मूल बोलू लागेल.

करून पाहा

१. पेन्सिल हातात ताठ धरून शाळेसमोरचे जवळचे झाड व लांबचे झाड मापा. किती फरक आला तो लिहा.
२. पिवळा व निळा घेऊन चार प्रकारचे हिरवे करा. प्रत्येकाखाली कोणत्या झाडाचे पान तसे आहे त्याचे नाव लिहा.
३. हळद, गेरू व काजळी यांच्या पट्ट्या उन्हात ठेवून १५ दिवसांनी बघा.
४. तुमच्या घरातल्या एखाद्या जनावराचा फक्त कान किंवा फक्त पाय, एक दिवस नीट बघून काढा.

प्रश्न

१. तीन मूळ रंग कोणते?
२. आपल्याकडच्या डोंगरांचा माथा सपाट का असतो?
३. माणसाच्या डोक्यात डोळे कुठे असतात?
४. औंधचे संग्रहालय कोणी व कोणत्या साली उघडले?
५. पांढरा बैल पांढऱ्या कागदावर कसा रंगवाल?

उत्तरे वहीच्या कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात टाका. सर्व उत्तरे बरोबर देणाऱ्याचे चित्र पुढच्या महिन्यात पहिल्या जागी लावू, असे गुरुजींनी सांगितले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी